पारा, पाणी आणि चमकी

बंद काचेत किंवा पारदर्शक प्लास्टिकमध्ये कोंडलेला द्रव आणि त्या द्रवात हलणारे काहीतरी, एवढ्याच सामग्रीवर शोभेच्या वस्तूंची आणि खेळण्यांची एक मोठी जात उभी आहे. हलवताच आत बर्फ पडू लागणारा काचेचा गोल, उलटी करताच रंगीत थेंब एकामागून एक पायऱ्या उतरू लागणारी नळी, बटण दाबताच पाण्यात रंगीत कड्या उसळवणारा खेळ, दिव्याच्या उबेने मेणाचे गोळे वर-खाली करणारा लाव्हा लॅम्प, चमकी तरंगणारे मोबाइलचे कव्हर आणि पेल्यात चोच बुडवून पुन्हा मान वर करणारा काचेचा पक्षी ही या जातीची परिचित रूपे होत. छत्रपती संभाजीनगरात गुलमंडी, औरंगपुरा या भागांतील भेटवस्तूंच्या दुकानांत किंवा नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेत लागणाऱ्या खेळण्यांच्या दुकानांत अशी एखादी वस्तू दिसली, की लहान मुलाचा हात तिच्याकडे जातोच, पण बरोबरच्या मोठ्या माणसाचाही पाय तिथे घोटाळतो. या ओढीचे कारण केवळ रंगात किंवा चकाकीत शोधणे पुरेसे नाही, कारण तोच रंग आणि तीच चकाकी कोरड्या वस्तूत असली तर नजर तिथे इतका वेळ थांबत नाही. द्रवाने भरलेल्या वस्तूचे वैशिष्ट्य असे, की ती आपली आपण चालल्यासारखी भासते. तिच्यातली हालचाल कोणीतरी सुरू करून दिलेली असली तरी पुढे ती कोणाच्या हातात राहत नाही, आणि ती कशी चालेल याचा अंदाज बांधता येत असूनही तो पुरता खरा ठरत नाही.

आपोआप चालणाऱ्या वस्तूचे हे कुतूहल फार जुने असून, त्याचा एक महत्त्वाचा धागा भारतातून जातो. अकराव्या शतकात धारच्या परमार राजा भोजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या वास्तुशास्त्रावरील ग्रंथात यंत्रविधानाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यात यांत्रिक पक्षी, हालत्या बाहुल्या आणि राजवाड्यासाठी पाण्याच्या धारांनी सजवलेली धारागृहे यांचे वर्णन येते. ग्रंथकाराने तिथे एक लक्षणीय गोष्ट सांगितली आहे: यंत्रांची घडण तपशीलवार दिलेली नाही ती अज्ञानामुळे नव्हे, तर ती गुप्त राहावी म्हणून, कारण ती उघड झाली तर यंत्राचे फळ हाती लागत नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर कारण झाकलेले असणे ही नवलाची अट आहे, असे त्याचे म्हणणे होते. द्रवाने भरलेल्या वस्तूंचा विचार करताना हे मत कसोटीला लावून पाहण्यासारखे आहे, कारण या वस्तूंत कारण झाकलेले असण्याचीही उदाहरणे आहेत आणि ते पूर्ण उघड्यावर असण्याचीही.

झाकलेल्या कारणाचे सर्वांत सुबक भारतीय उदाहरण म्हणजे वसुदेव-कृष्णाचा पितळी पेला. या पेल्याच्या मधोमध बाळकृष्णाला उचलून घेतलेल्या वसुदेवाची मूर्ती असते. पेल्यात पाणी ओतत गेले की ते हळूहळू चढते, कृष्णाच्या पायाला लागते आणि त्या क्षणी बुडातल्या छिद्रातून वाहू लागून सगळा पेला रिकामा होतो. यमुनेच्या पुराने बाळाच्या पायाला स्पर्श केला आणि ती ओसरली, ही कथा ज्याला ठाऊक आहे त्याला इथे ती डोळ्यांदेखत घडताना दिसते. यातली युक्ती म्हणजे सायफन, म्हणजेच उलट्या ‘यू’ (U) आकारात वाकवलेली नळी. मूर्तीच्या आत लपवलेल्या या नळीचे एक तोंड पेल्याच्या तळाशी उघडे असते आणि दुसरे पेल्याच्या बुडातून खाली निघते. बाहेरचे पाणी जसे चढते तसे नळीच्या आतल्या अंगातही चढत जाते. पाण्याची पातळी नळीच्या वाकापर्यंत पोहोचली की पाणी वाक ओलांडून पलीकडच्या लांब अंगात पडू लागते आणि ते पडणारे पाणी मागच्या पाण्याला ओढत नेते, त्यामुळे आतले तोंड उघडे पडेपर्यंत प्रवाह थांबत नाही. कृष्णाचे पाऊल नेमके नळीच्या वाकाच्या उंचीवर बसवणे, एवढेच कारागिराचे कसब. पण त्या एका मोजमापात कथा आणि भौतिकशास्त्र एकमेकांत मिसळून जातात. ग्रीसमध्ये पायथागोरसच्या नावाने ओळखला जाणारा पेला याच तत्त्वावर चालतो, मात्र त्यात हाव करणाऱ्याची खोड मोडण्याचा हेतू आहे. मराठी घरातल्या पेल्यात शिक्षा नसून दर्शन आहे, आणि खेळणे म्हणून हा फरक लहान नाही.

सायफनची ही नळी भास्कराचार्यांना चांगली ठाऊक होती. इ. स. १११४ मध्ये जन्मलेल्या आणि ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण करणाऱ्या या गणितज्ञाने त्या ग्रंथाच्या गोलाध्यायात यंत्रांवर एक अध्याय लिहिला आहे. तांब्याची नळी अंकुशासारखी वाकवावी, ती पाण्याने भरून दोन्ही तोंडे बंद करावीत, एक तोंड कुंडातल्या पाण्यात आणि दुसरे बाहेर खालच्या दिशेला ठेवून दोन्ही एकाच वेळी मोकळी करावीत म्हणजे कुंडातले पाणी नळीवाटे बाहेर पडते, असे तिचे वर्णन त्यात आहे. ही नळी कारागिरांमध्ये कुक्कुटनाडी या नावाने प्रसिद्ध असून तिच्या साहाय्याने ते अनेक चमत्कार साधतात, असेही त्यांनी नोंदवले आहे. या नोंदीचे मोल मोठे आहे, कारण बाराव्या शतकात या द्रवयुक्त्या शास्त्रज्ञाच्या आधी कारागिराच्या हातात होत्या आणि त्यांचा उपयोग पाहणाऱ्याला चकित करण्यासाठी होत होता, हे तिच्यातून कळते.

याच अध्यायात भास्कराचार्यांनी स्वयंवह, म्हणजे स्वतःच फिरणाऱ्या, चक्राचे वर्णन केले आहे आणि ते तर सरळसरळ द्रवाने भरलेले चक्र आहे. हलक्या लाकडाचे चाक करावे, त्याला सारख्या जाडीच्या आणि सारख्या पोकळीच्या नळ्यांचे आरे समान अंतरावर, किंचित कलते बसवावेत, हे पोकळ आरे पाऱ्याने निम्मे भरून तोंडे बंद करावीत, आणि असे चाक दोन खांबांवर टेकवलेल्या आसावर ठेवले की ते आपले आपण फिरत राहते, असा त्याचा आशय आहे. दुसऱ्या प्रकारात चाकाच्या परिघावर खाच कोरून ती ताडाच्या पानांनी आणि मेणाने लिंपून झाकायची, आत एका भागात पाणी आणि एका भागात पारा भरायचा व तोंड बंद करायचे, अशी रचना सांगितली आहे. जड, चकाकता, ओला न करता घरंगळणारा पारा आणि त्याला ढकलू पाहणारे पाणी अशा दोन द्रवांची ही बंद जागेतली झटापट वाचताना, आजच्या दुकानातली दोन रंगांच्या द्रवांची नळी त्या कुळातलीच आहे हे चटकन लक्षात येते.

असे चाक प्रत्यक्षात अखंड फिरत नाही. खाली येणाऱ्या बाजूचा पारा आसापासून दूर सरकतो आणि त्यामुळे ती बाजू जड होईल असे वाटते खरे, परंतु दुसऱ्या बाजूला त्याच वेळी अधिक पारा जमलेला असतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचा हिशेब बरोबरीत सुटतो आणि थोड्या हेलकाव्यांनंतर घर्षणामुळे चाक स्थिरावते. भास्कराचार्यांच्या लेखनाविषयी आदर वाढवणारी गोष्ट ही, की या यंत्रांबद्दल त्यांनी पुढे स्वतःचे मतही स्पष्टपणे दिले आहे. लल्लासारख्या पूर्वसूरींनी सांगितलेले, बाहेरच्या पाण्यावर अवलंबून असणारे यंत्र त्यांना ग्राम्य वाटते. अशी पुष्कळ स्वयंवह यंत्रे असली तरी त्यांची गती युक्तीने साधलेली असते, आणि आपण ती नोंदवली ती पूर्वाचार्यांनी नोंदवली म्हणून, असे त्यांनी म्हटले आहे. भोजाच्या ग्रंथाने युक्ती झाकण्याचा पक्ष घेतला, तर भास्कराचार्यांनी युक्ती आहे हे उघडपणे सांगून टाकले.

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारात ज्योतिषी होता, आणि या राजाची राजधानी देवगिरी म्हणजे आजच्या संभाजीनगराशेजारचा दौलताबादचा किल्ला. कन्नडचा घाट उतरून गेल्यावर चाळीसगावजवळच्या पाटण येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा जो शिलालेख आहे, त्यात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चांगदेवाने स्थापन केलेल्या मठाचा उल्लेख येतो. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये हा लेख विद्वानांपुढे आणला. द्रवाने भरलेल्या चाकाचे आणि कुक्कुटनाडीचे वर्णन जिथे पाठ म्हणून शिकवले जावे अशी अपेक्षा होती ते स्थळ डोंगररांगेच्या एका बाजूला आणि त्याला आश्रय देणारी राजधानी दुसऱ्या बाजूला, एवढे हे अंतर जवळचे आहे.

याच भूमीवर काही शतकांनी पाण्याच्या नवलाची भव्य रचना उभी राहिली. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे संभाजीनगर, हे गाव राजधानी म्हणून वसवले आणि पुढच्या काही वर्षांत डोंगरांच्या कुशीतले पाणी भूमिगत नहरांतून शहरात आणले. नहर-ए-अंबरी या नावाने ती योजना ओळखली जाते. त्याच परंपरेत पुढे, खाम नदीच्या काठी, नक्षबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या परिसरात पाणचक्की आकाराला आली. शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरांतून काही किलोमीटर अंतरावरून मातीच्या बंद नळांमधून पाणी येते, ते एका उंच भिंतीत चढते आणि तिथून धबधब्यासारखे हौदात कोसळते. त्याच्या जोरावर धान्य दळणारे जाते फिरत असे आणि त्या पिठावर दर्ग्यात येणाऱ्यांची सोय होत असे. इथला सायफन वसुदेवाच्या पेल्यातल्या सायफनच्या उलट आहे. पेल्यात नळी आधी वर जाऊन मग खाली येते, तर इथे नळ डोंगरावरून आधी खोलात उतरतो आणि मग भिंतीत वर चढतो. नळ बंद असल्यामुळे उगमाच्या उंचीचा दाब कायम राहतो आणि पाणी आपली पातळी गाठण्यासाठी वर येते, हे त्यामागचे तत्त्व आहे. पाहणाऱ्याला मात्र नळ दिसत नाही आणि डोंगरही दिसत नाही. दिसते ते सपाट जागेवर उभ्या असलेल्या भिंतीच्या माथ्यातून फुटणारे पाणी, आणि ते वर कोणी चढवले हा प्रश्न त्याच्या मनात राहतो.

पाणचक्कीतली त्याहून सूक्ष्म गंमत हौदाच्या खाली आहे. विस्तीर्ण आयताकृती हौदाचा तळ हेच खालच्या मोठ्या दालनाचे छत असून ते दगडी खांबांनी तोलून धरले आहे. वर माशांनी भरलेले पाणी आणि खाली कोरडी, गार, बसण्याची जागा, ही मांडणी उन्हाळ्याच्या दृष्टीने उपयुक्त आहेच, पण तिचे खरे सुख पाण्याच्या खाली असूनही न भिजण्यात आहे. ‘समरांगणसूत्रधारा’तील धारागृहांच्या प्रकारांत जलमग्न असा एक प्रकार सांगितला असून त्यात माणसाने पाण्याखालच्या दालनात बसावे अशी कल्पना आहे. दोन्हींचा परस्परांशी ऐतिहासिक संबंध जोडण्याचे कारण नाही. मात्र दोन वेगळ्या संस्कृतींतल्या रसिकांना तीच इच्छा झाली, ही गोष्ट मानवी मनाविषयी काही सांगते. द्रव आणि पाहणारा यांच्यामध्ये पातळ पण भरवशाचा पडदा असावा, द्रव अगदी जवळ असावा आणि तरी त्याने स्पर्श करू नये, यात एक सुरक्षित थरार आहे. पाणचक्कीत तो पडदा दगड-चुन्याचा होता. पुढे त्याची जागा काचेने घेतली.

काचेच्या गोलाची कथा व्हिएन्नातली आहे. पॅरिसच्या १८७८ च्या जागतिक प्रदर्शनात पाण्याने भरलेले आणि आत पांढरी भुकटी असलेले कागददाब दाखवले गेले होते, परंतु आज स्नो ग्लोब म्हणून घरोघरी पोहोचलेल्या वस्तूचा उद्योग उभा केला तो एर्विन पेर्झी या शस्त्रक्रियेची उपकरणे बनवणाऱ्या कारागिराने. विजेच्या दिव्याचा मंद उजेड वाढवण्याच्या खटपटीत त्याला चांभारांच्या गोलाची आठवण झाली. त्या काळी युरोपातले चांभार मेणबत्तीसमोर पाण्याने भरलेला काचेचा गोल ठेवत, म्हणजे उजेड एकवटून हातातल्या कामावर पडे. पेर्झीने अशा गोलात उजेड परावर्तित करण्यासाठी वेगवेगळ्या भुकट्या घालून पाहिल्या. रव्याचे कण टाकले तेव्हा ते सावकाश तळाशी बसू लागले आणि त्याला हिमवर्षाव दिसला. दिव्याचा प्रयोग बाजूला राहिला, आणि मारियात्सेल या तीर्थक्षेत्रातील देवळाची छोटी प्रतिकृती आत ठेवून केलेल्या गोलासाठी १९०० मध्ये त्याने पेटंट घेतले. त्याचे वंशज आजही व्हिएन्नात हे गोल बनवतात आणि बर्फाच्या कणांची कृती घराबाहेर जाऊ देत नाहीत. भोजाच्या ग्रंथाचा सल्ला त्यांनी न वाचता पाळला आहे.

या गोलात दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. पहिली प्रकाशाची. पाण्याने भरलेला गोल हे एक भिंगच असते. प्रकाश पाण्यातून हवेत येताना वाकतो, याला वक्रीभवन म्हणतात, आणि त्यामुळे गोलाच्या बरोबर मध्यभागी ठेवलेली वस्तू तिच्या मूळ आकाराच्या सुमारे चार-तृतीयांश पट दिसते. म्हणूनच आतले देऊळ, किल्ला किंवा ताजमहाल काचेबाहेर काढला तर खुजा वाटतो आणि काचेत परत ठेवला की त्याला भारदस्तपणा येतो. दुसरी गोष्ट वेगाची. पाण्यात पडणाऱ्या कणावर खाली ओढणारे गुरुत्वाकर्षण, वर ढकलणारे उत्प्लावक बल आणि हालचालीला अडवणारा द्रवाचा विरोध अशी तीन बले काम करतात. थोड्याच वेळात ती तोलली जातात आणि कण एका ठरावीक वेगाने उतरू लागतो. जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये मांडलेल्या नियमानुसार लहान गोल कणाचा हा वेग त्याच्या त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे कण दुप्पट मोठा झाला की तो चौपट वेगाने पडतो. त्यामुळे एकाच गोलात बारीक आणि जाड चमकी मिसळली तर जाड चमकी आधी खाली बसते आणि बारीक चमकी मागे रेंगाळते. पडण्याचा वेग आणखी कमी करायचा तर द्रवाची श्यानता, म्हणजे वाहण्याला असलेला त्याचा अंतर्गत विरोध, वाढवावी लागते, आणि त्यासाठी अनेक ठिकाणी पाण्यात ग्लिसरीन मिसळतात. शुद्ध ग्लिसरीनची श्यानता २० अंश सेल्सिअसला पाण्याच्या सुमारे चौदाशे पट असते. मात्र उष्णतेने ती झपाट्याने घटते आणि ४० अंशांवर सुमारे एक-पंचमांशच उरते. मराठवाड्यातल्या मे महिन्यात ग्लिसरीनच्या गोलातला बर्फ डिसेंबरपेक्षा लगबगीने पडतो, तो याच कारणामुळे.

मंद गती हा या वस्तूंचा प्राण आहे. वेगाने पडणारी वस्तू डोळा फक्त पडलेली पाहतो. सावकाश पडणाऱ्या वस्तूचा मार्ग, तिचे वळणे, गिरकी घेणे, दुसऱ्या कणाच्या मागे खेचले जाणे, हे सगळे त्याला टिपता येते. मराठी लग्नघरात घंगाळातल्या पाण्यावर सोडले जाणारे घटिकापात्र ज्यांनी लक्ष देऊन पाहिले असेल त्यांना हा अनुभव नवा नाही. बुडाला बारीक छिद्र असलेली ही वाटी हळूहळू भरते आणि एका घटिकेत, म्हणजे चोवीस मिनिटांत, बुडते. ती भरत असताना पाहणाऱ्याचे लक्ष वेळेवरून हटून पाण्याच्या चढत्या कडेवर खिळते. दुकानातली रंगीत थेंबांची नळी हेच काम करते. तिच्यात खनिज तेल आणि रंगीत पाणी असे एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव असतात. पाण्याची घनता तेलापेक्षा अधिक असल्याने ते खाली येते आणि पृष्ठताणामुळे, म्हणजे पृष्ठभाग कमीत कमी ठेवण्याच्या द्रवाच्या प्रवृत्तीमुळे, गोल थेंबांच्या रूपात येते.

लाव्हा लॅम्पमध्ये या हालचालीला उष्णतेचे इंधन मिळते. एडवर्ड क्रेव्हन वॉकर या इंग्रज गृहस्थाने एका पबमध्ये अंडी उकडण्याची वेळ मोजण्यासाठी केलेले एक घरगुती उपकरण पाहिले आणि त्यावरून १९६३ मध्ये इंग्लंडमधील पूल या गावी हा दिवा बाजारात आणला. तळाशी असलेल्या बल्बने मेण तापते, प्रसरण पावते, भोवतीच्या द्रवापेक्षा हलके होते आणि वर जाते. माथ्याशी थंड होऊन जड झाले की परत उतरते. तळाशी धातूच्या तारेचे वेटोळे असते, ते परतलेल्या गोळ्यांचा पृष्ठताण मोडून त्यांना पुन्हा एकत्र मिसळू देते. मेण आणि द्रव यांच्या घनतेतला फरक अगदी थोडा ठेवलेला असल्याने खोली फार तापलेली असेल तर मेण वरच अडकून बसते, त्यामुळे आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा दिवा नीट चालण्यासाठी रात्रीची किंवा थंड खोलीची गरज भासते.

मेणाच्या या गोळ्यांकडे पाहताना ते एकमेकांना भेटतात, टाळतात, चिकटून बसतात असे वाटू लागते. फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी १९४४ मध्ये दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ यांच्या हालचालींची एक लहानशी चित्रफीत लोकांना दाखवली, तेव्हा बहुतेकांनी त्यात भांडण, पाठलाग आणि सुटका यांची गोष्ट पाहिली. जिथे हालचाल स्वतःहून होते आहे असे दिसते तिथे मन हेतू कल्पिते, आणि द्रवातले आकार तर त्रिकोणांपेक्षा कितीतरी अधिक सजीव वागतात. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९८९ च्या आपल्या ग्रंथात आणखी एक उपयुक्त भेद केला आहे. काही दृश्ये लक्ष हिसकावून घेतात, तर ढग, वाहते पाणी किंवा पानांची सळसळ यांसारखी दृश्ये लक्ष हलकेच धरून ठेवतात आणि मनाला विचार करायला मोकळे सोडतात. थकलेले लक्ष दुसऱ्या प्रकारच्या दृश्याने ताजे होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींसाठी विशेष संवेदन-कक्ष तयार झाले आणि पुढे बुडबुडे उठणारे उजळलेले जलस्तंभ अशा कक्षांची ओळख बनले, यातूनही द्रवाच्या या गुणाची दखल घेतली गेली. द्रवाच्या हालचालीची अनिश्चितता इतकी अस्सल आहे, की क्लाउडफ्लेअर या कंपनीने सॅन फ्रान्सिस्को येथील कार्यालयात सुमारे शंभर लाव्हा लॅम्पची भिंत उभी करून, कॅमेऱ्याने टिपलेल्या त्यांच्या प्रतिमांचा उपयोग इंटरनेटवरील संदेश सुरक्षित करणाऱ्या सांकेतिक किल्ल्यांसाठी लागणारी यादृच्छिकता मिळवण्याकरिता केला आहे.

पाहण्याच्या या वस्तूंबरोबरच हाताने खेळण्याचे एक खेळणे महाराष्ट्रातल्या जत्रांनी घरोघरी पोहोचवले. टोमी या जपानी कंपनीने १९७० च्या दशकात प्रचारात आणलेल्या या खेळात पाण्याने भरलेली चपटी पारदर्शक डबी, आत दोन खुंट्या, काही रंगीत कड्या आणि खाली एक बटण असते. बटण जोरात दाबले की पाण्याचा झोत सगळ्या कड्यांना एकदम वर उडवतो आणि त्या खुंट्यांना ओलांडून कोपऱ्यात जाऊन पडतात. अंगठा अलगद, थांबून थांबून दाबला तर एखादी कडी तरंगत, आडवी होत खुंटीच्या टोकावर येते आणि डबी किंचित कलती करताच तिच्यात ओवली जाते. वर राहिलेला हवेचा बुडबुडा मध्येच येऊन डाव बिघडवतो, म्हणून जाणते मूल आधी डबी तिरकी करून बुडबुडा कोपऱ्यात घालवते. पाणी जोराला दाद देत नाही, ते वेळ साधल्याला दाद देते, हा धडा कोणी न शिकवता अंगठ्याला मिळतो. अलीकडच्या चमकीच्या वस्तूंपेक्षा या साध्या डबीचे स्थान वरचे मानावे लागते, कारण तिच्यात द्रव ही सजावट नसून सवंगडी आहे.

भास्कराचार्यांच्या स्वयंवह चक्राचा आजचा वारस शोधायचा तर तो पाणी पिणाऱ्या पक्ष्यात सापडतो. माइल्स सलिव्हन या अमेरिकी संशोधकाला १९४६ मध्ये या खेळण्याचे पेटंट मिळाले. दोन काचेचे फुगे आणि त्यांना जोडणारी नळी एवढेच त्याचे शरीर असून आत हवा नसते, तर साधारण ४० अंशांवर उकळणारा डायक्लोरोमिथेन हा चंचल द्रव आणि त्याची वाफ असते. पक्ष्याचे डोके आणि चोच यांवर पाणी शोषणारे कापड लावलेले असते. डोके ओले केले की त्यावरच्या पाण्याचे बाष्पीभवन होते, डोके थंड होते, आतली वाफ थोडी द्रवरूप होऊन वरचा दाब कमी होतो आणि पोटातला द्रव नळीतून वर चढतो. डोके जड झाले की पक्षी वाकतो आणि त्याची चोच समोरच्या पेल्यात बुडते. त्याच क्षणी नळीचे खालचे तोंड द्रवाबाहेर येऊन वाफेचा बुडबुडा वर जातो, दाब समान होतो, द्रव पोटात परततो आणि पक्षी पुन्हा उभा राहतो. हे चक्र पेल्यात पाणी असेपर्यंत चालते, त्यामुळे प्रथमदर्शनी ते अखंड गतीचे यंत्रच वाटते. प्रत्यक्षात त्याला शक्ती मिळते ती भोवतालच्या हवेच्या उष्णतेतून आणि कोरडेपणातून. हवेत आर्द्रता जास्त असेल तर बाष्पीभवन मंदावते आणि पक्षी सुस्तावतो. कोकणातल्या जुलै महिन्यात तो जवळजवळ थबकेल, तर संभाजीनगरच्या एप्रिलमधल्या कोरड्या दुपारी तो भराभर मान वाकवेल. ज्या तत्त्वावर या शहरातल्या घरोघरी उन्हाळ्यात कूलर खोली थंड करतो, तेच तत्त्व इथे एका काचेच्या पक्ष्याला पाणी पाजते. भास्कराचार्यांनी म्हटल्याप्रमाणे इथली गती युक्तीनेच साधलेली आहे, आणि ती युक्ती कळल्यावरही पक्ष्याकडे पाहणे कंटाळवाणे होत नाही. किंबहुना हवेतली आर्द्रता बदलली की त्याची चाल बदलते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला पाहण्यासारखे अधिकच काही मिळते. भोजाच्या ग्रंथाचा गुप्ततेचा आग्रह निदान द्रवाच्या खेळण्यांना लागू पडत नाही.

या वस्तूंची एक बाजू काळजी घेण्याची आहे. एके काळी बंद डबीत पाऱ्याचा थेंब चक्रव्यूहातून फिरवण्याचे खेळ सर्रास विकले जात. पाऱ्याची वाफ मज्जासंस्थेला घातक असल्याने ते मागे पडले हे योग्यच झाले, आणि अशी जुनी डबी घरात सापडली तर ती मुलांच्या हाती देऊ नये. अमेरिकेत २०१७ मध्ये चमकीचा द्रव भरलेली मोबाइलची लक्षावधी कव्हरे परत मागवण्यात आली, कारण ती फुटल्यावर आतल्या द्रवाने कातडी भाजल्याच्या आणि तिला फोड आल्याच्या तक्रारी आल्या होत्या. पाणी पिणाऱ्या पक्ष्यातला द्रवही विषारी असल्याने तो शोभेच्या कपाटातला पक्षी आहे, रांगत्या मुलाचा नव्हे. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह असणे बंधनकारक झाले आहे, आणि द्रव भरलेले खेळणे घेताना ते चिन्ह पाहणे इतर खेळण्यांपेक्षाही अधिक गरजेचे ठरते. काचेचा गोल उन्हात खिडकीशी ठेवू नये हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. चांभाराच्या गोलाप्रमाणे तोही किरण एकवटतो, आणि मराठवाड्याच्या उन्हात जवळचा कागद किंवा पडदा पेटण्यास तेवढे पुरेसे ठरू शकते.

यांतले बरेचसे नवल मात्र विकत घेण्याची आवश्यकता नाही. पुण्यातील आयुका या संस्थेच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षे काम केलेले अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून करण्याची जी शेकडो खेळणी मुलांपर्यंत पोहोचवली, त्यांत नळ्या, पिचकाऱ्या आणि बाटल्यांमधल्या पाण्याला मानाचे स्थान आहे. जिथे नळाला काही दिवसांआड पाणी येते त्या शहरात पाण्याची सजावट करताना हात आखडणे स्वाभाविक आहे, पण एकदा भरून बंद केलेली बाटली वर्षानुवर्षे पुन्हा पाणी मागत नाही. शीतपेयाच्या प्लास्टिकच्या बाटलीत काठोकाठ पाणी भरून, त्यात अर्धवट पाणी घेतलेला औषधाचा ड्रॉपर जेमतेम तरंगेल असा सोडायचा आणि झाकण घट्ट लावायचे. बाटली बाजूंनी दाबली की पाण्याचा दाब वाढून ड्रॉपरमधली हवा आक्रसते, आणखी थोडे पाणी आत शिरते, ड्रॉपर जड होऊन तळाला जातो. हात सैल केला की हवा पसरते, पाणी बाहेर पडते आणि ड्रॉपर वर येतो. इटलीच्या राफाएल्लो माजोत्ती याने १६४८ मध्ये वर्णन केलेली ही युक्ती आज देकार्तच्या पाणबुड्याच्या नावाने ओळखली जाते. ड्रॉपर पारदर्शक असल्यामुळे त्यातली पाण्याची रेषा बोटांच्या दाबाबरोबर केसभर वर-खाली होताना स्पष्ट दिसते, आणि सहावी-सातवीतले मूल घनतेची व्याख्या पाठ करण्यापूर्वीच ती आपल्या बोटांनी ठरवू लागते.